ड तुकडीपासून नाक्यापर्यंत

२०२२च्या अखेरीपासून पुण्याच्या वर्तमानपत्रांत ‘कोयता गँग’ हे शब्द इतक्या वेळा छापून आले आहेत की आता ते वाचताना कुणी दचकत नाही. रात्री दुचाकींवरून मुलं येतात, रस्त्याकडेला लावलेल्या रिक्षा-टेम्पोंच्या काचा फोडतात, एखाद्या टपरीवाल्याला कोयता दाखवून गल्ला रिकामा करतात आणि वर त्याची रील टाकतात. पोलिसांनी धरल्याची बातमी येते तेव्हा तिसऱ्या-चौथ्या ओळीत हमखास असतं, ‘यातील काही जण अल्पवयीन आहेत.’ मग दोन दिवस संस्कार, मोबाइल, वेबसिरीज आणि आईबापांचं दुर्लक्ष यांवर चर्चा होते. त्या मुलाची शाळा कोणती होती, तिथं तो शेवटचा कधी गेला आणि जायचा का थांबला, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तो असायला हवा.

आधी थोडा आकाराचा अंदाज घेऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशभरात अल्पवयीनांविरुद्ध ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. देशातल्या एकूण गुन्ह्यांत हा वाटा एक टक्क्याच्या आत आहे. म्हणजे ‘आजकालची सगळी पोरं बिघडली’ हे विधान आकड्यांना धरून नाही. महाराष्ट्र मात्र या यादीत वरच्या राज्यांत असतो, हेही खरं. ताब्यात घेतलेल्यांत पाऊण हिश्शाहून अधिक मुलं १६ ते १८ या वयातली असतात. त्यांतली बहुसंख्य आईवडिलांबरोबर राहणारी असतात. बेघर किंवा अनाथ मुलं त्यांत थोडी. आणि बहुतेकांच्या शिक्षणाची नोंद प्राथमिक ते दहावी या टप्प्यातली असते. म्हणजे या मुलांना घर होतं आणि शाळाही होती.

मुलं गुन्ह्याकडे का वळतात याचा पद्धतशीर अभ्यास शिकागोत सुरू झाला. जगातलं पहिलं बालन्यायालय १८९९मध्ये तिथंच उभं राहिलं, त्यामुळे मुलांच्या नावापत्त्यांची दप्तरं हाताशी होती. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोघा अभ्यासकांनी न्यायालयात आलेल्या हजारो मुलांची घरं शहराच्या नकाशावर टिंबं देऊन मांडली. कारखाने आणि रेल्वे यार्डांना खेटून असलेल्या, पडझड झालेल्या, भाडेकरू सतत बदलणाऱ्या वस्त्यांत टिंबांची दाटी झाली. मग त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतले वेगवेगळे कालखंड घेऊन तोच नकाशा पुन्हा केला. तोवर वस्त्यांतली माणसं पार बदलली होती. जर्मन आणि आयरिश कुटुंबं निघून गेली होती, पोलिश आणि इटालियन आली होती, त्यांच्या मागून दक्षिणेतले कृष्णवर्णीय येऊ लागले होते. टिंबांची दाटी मात्र जिथल्या तिथं होती. आणि जे समाज चांगल्या वस्तीत राहायला गेले, त्यांच्या मुलांचं न्यायालयात येण्याचं प्रमाण उतरलं होतं. गुन्हा माणसांच्या वंशाला चिकटलेला नसून राहण्याच्या परिस्थितीला चिकटलेला आहे, हे त्या नकाशांनी दाखवलं. दोघांचं पुस्तक १९४२मध्ये आलं. आणखी एक गोष्ट त्यांच्या नोंदींत होती आणि ती पुढे फार मोलाची ठरली: न्यायालयात आलेल्या दहांतल्या आठ मुलांनी गुन्हा एकट्यानं केलेलाच नव्हता. बरोबर कुणीतरी होतं.

आपल्याकडे इंग्रजांनी नेमका उलटा समज कायद्यात घातला होता. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरायचा. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती झाल्या, पुरुषांना हजेरी लावावी लागे. कायदा १९५२मध्ये रद्द झाला. मनांतून तो गेला का, हे पारधी वस्तीतल्या कुठल्याही शाळकरी मुलाला विचारावं. वर्गात कुणाचे पैसे हरवले की पहिलं दप्तर कुणाचं उघडलं जातं, हे त्याला पाठ असतं. त्याच समजाला उत्तर म्हणून एक आयुष्य आपल्यासमोर आहे. उचल्या समाजात जन्मलेले लक्ष्मण गायकवाड घरातून शाळेत जाणारे पहिले ठरले, आणि त्यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. समाज तोच, घर तेच. मध्ये शाळा आली.

पण एकाच वस्तीत, एकाच चाळीत वाढलेल्या दोन मुलांपैकी एकच का वळतो? याचं उत्तर शोधायला फार चिकाटी लागते, कारण मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहावं लागतं. लंडनच्या दक्षिण भागातल्या कामगार वस्तीत १९६१मध्ये असा अभ्यास सुरू झाला. आठ-नऊ वर्षांच्या ४११ मुलग्यांची नावं शाळांच्या हजेरीपटांवरून घेतली. डोनल्ड वेस्ट आणि नंतर डेव्हिड फॅरिंग्टन त्यांच्या मागावर राहिले, ते ही मुलं पन्नाशीला येईपर्यंत. त्यांतल्या अगदी थोड्या मुलांनी, शेकडा सहा-सात जणांनी, नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी जवळजवळ निम्मे केले. आठ ते दहा या वयात त्यांच्याबद्दल काय दिसत होतं? घरची गरिबी, घरातली भांडणं, शिक्षा झालेला बाप किंवा भाऊ, मुलाकडे नीट लक्ष नसणं, उतावळा स्वभाव, आणि शाळेत मागे पडणं. यातलं एखादंच असेल तर फारसं बिघडत नाही. चार-पाच एकत्र आली की पारडं फिरतं.

घराबद्दल आपल्याकडे इतकं बोललं जातं की मी एकच गोष्ट सांगून पुढे जातो. ‘लक्ष ठेवा’ असं आपण पालकांना बजावतो. स्वीडनमध्ये हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी २०००मध्ये दाखवलं की मुलगा कुठे जातो, कुणाबरोबर असतो, हे ज्या आईबापांना ठाऊक असतं, त्यांना ते मुख्यतः मुलानंच आपणहून सांगितलेलं असतं. खिसे तपासून, पाळत ठेवून मिळणारी माहिती त्या मानानं थोडी. म्हणजे मुलगा घरी येऊन बोलतो का, हा खरा प्रश्न. दोन पाळ्यांत काम करून आलेल्या आईजवळ तो बोलेल एवढी उसंत तिला आहे का, हा त्याच्या पाठचा प्रश्न, आणि तो केवळ त्या आईचा नाही.

आता शाळेकडे येऊ. इथं मला थांबायचं आहे.

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही तुकड्या सांगाव्या लागत नाहीत. अ तुकडीत हुशार, ब मध्ये बरे, क मध्ये यथातथा आणि ड तुकडीत ‘ढ’. हल्ली बऱ्याच शाळांत उघडपणे अशी वाटणी होत नाही. सेमी इंग्रजीची तुकडी वेगळी काढली की ती आपोआप होते. ड तुकडीचा वर्ग बहुधा जिन्याखालचा किंवा स्वच्छतागृहाशेजारचा. गणिताचे चांगले सर अ तुकडीला, आणि ड तुकडीला ज्यांचा तास मोकळा असेल ते. स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन, विज्ञान प्रदर्शन, स्काउट, १५ ऑगस्टचं भाषण, सगळ्याला मुलं अ तुकडीतून. ड तुकडीतल्या मुलांना बोलावणं येतं ते बाकं उचलायला. तास सुरू झाल्यावर पाच मिनिटांत ‘तू, तू आणि तू, बाहेर उभे राहा’ झालं की वर्ग शांत. बाहेर उभी राहिलेली तिघं व्हरांड्यात आधी गप्प असतात, मग हसायला लागतात. त्या तिघांची मैत्री तिथं होते.

डेव्हिड हारग्रीव्ह्ज या समाजशास्त्रज्ञानं उत्तर इंग्लंडमधल्या मुलग्यांच्या एका शाळेत राहून नेमकं हेच पाहिलं आणि १९६७मध्ये पुस्तक लिहिलं. तिथंही चौथ्या वर्षाच्या मुलांच्या गुणवत्तेप्रमाणे तुकड्या होत्या. वरच्या तुकडीत अभ्यास करणाऱ्या मुलाला मान होता. खालच्या तुकडीत मान मिळायचा तो शाळा बुडवणाऱ्याला, मारामारी करणाऱ्याला, शिक्षकाला उलट बोलणाऱ्याला. तिथं मन लावून अभ्यास करणाऱ्याला मुलं जवळ करत नसत. दोन्ही टोकांच्या तुकड्यांतल्या मुलांची आपसांत मैत्री जवळजवळ नव्हती. शाळेनं ज्यांना अपयशी ठरवलं, त्यांनी शाळेची मोजपट्टीच उलटी धरली. यात आश्चर्य काहीच नाही. चौदा वर्षांच्या मुलाला कुठेतरी कुणीतरी व्हावंच लागतं. गणितात होता येत नाही, खेळात कुणी घेत नाही, तर भीती दाखवण्यात होता येतं. शिक्षकाला उलट बोलल्यावर वर्गभर जी शिट्टी वाजते, ती त्याला मिळालेली पहिली दाद असते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हिर्शी यानं १९६९मध्ये हा प्रश्न वेगळ्या बाजूनं मांडला. मुलं गुन्हा का करतात याऐवजी, बहुतेक मुलं तो का करत नाहीत, असं त्यानं विचारलं. कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलांची पाहणी करून त्यानं दिलेलं उत्तर असं: कुणाशी तरी जिव्हाळ्याचं नातं असतं, गमावण्यासारखं काहीतरी हाती असतं, दिवस कशात तरी गुंतलेला असतो आणि नियम आपलेसे वाटतात, म्हणून ती थांबतात. ज्याला शाळा आवडत नाही आणि शिक्षकाचं मत आपल्याबद्दल काय आहे याची ज्याला पर्वा उरलेली नाही, तो सुटतो. शाळेत मागे पडणं, मग शाळा नकोशी होणं, मग शिक्षकाचा अधिकार झुगारणं आणि मग गुन्हा, अशी ती साखळी त्यानं दाखवली.

आपल्याकडे शाळेशी असलेलं हे नातं बहुतेक वेळा नववीत तुटतं. शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंत पुरतो. तोवर मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीला ते संरक्षण संपतं. तिकडे शाळेची पत दहावीच्या निकालावर ठरते, म्हणून कच्च्या मुलांची गाळणी नववीतच होते. पालकांना बोलावून सांगितलं जातं, ‘याला जमणार नाही, दाखला घेऊन जा, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा.’ सतरा नंबरचा अर्ज ही चांगली सोय आहे. कामाला लागलेल्यांना, शाळा सुटलेल्या बायकांना तिनं दहावी दिली आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात तो अर्ज देणं म्हणजे त्याचे सकाळपासून संध्याकाळपर्यंतचे सगळे तास रस्त्यावर सोडणं आहे. भांडणावरून काढलं असेल तर दाखल्यावर शेरा असतो आणि दुसरी शाळा तो वाचून जागा नाही म्हणते. मुलगा आठ-पंधरा दिवस घरात झोपून काढतो आणि मग नाक्यावर जातो. तिथं त्याचं स्वागत होतं. तिथं चहा पाजणारा एखादा ‘भाई’ असतो, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या ओळीत त्याचा फोटो लागतो, नावापुढे ‘युवा नेतृत्व’ असं काहीतरी छापलं जातं. शाळेच्या फलकावर एकदाही न लागलेलं नाव चौकात झळकतं. ‘भाई’ला अशा वयाची मुलं का हवी असतात, हेही सांगितलं पाहिजे: अल्पवयीनाला कायदा सौम्यपणे वागवतो, हे त्याला पक्कं माहीत असतं.

या काढून टाकण्याचं मोजमाप अमेरिकेत टेक्सास राज्यात झालं. जवळपास दहा लाख विद्यार्थ्यांच्या सातवी ते बारावीच्या नोंदी तपासलेला तो अहवाल २०११मध्ये आला. शिस्तभंगासाठी निलंबित केलेली किंवा काढून टाकलेली मुलं पुढच्या वर्षभरात बालन्याय यंत्रणेच्या दारात येण्याची शक्यता, तशाच इतर मुलांच्या मानानं, जवळपास तिप्पट होती.

मग शाळा वेगळं काही करू शकते का, की ज्या वस्तीतली मुलं तशीच ती निपजणार? मानसोपचारतज्ज्ञ मायकल रटर आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या दाट वस्तीतल्या १२ माध्यमिक शाळा घेतल्या. मूल पाचव्या वर्षापासून शाळा सोडेपर्यंत सुमारे १५ हजार तास शाळेत घालवतं, तोच आकडा त्यांनी १९७९च्या आपल्या पुस्तकाच्या नावात घातला. शाळांत येणारी मुलं कशी होती याचा हिशेब वजा केल्यावरही हजेरी, वर्तन, निकाल आणि मुलांचं पोलिसांपर्यंत जाणं, या सगळ्यांत शाळाशाळांमध्ये मोठा फरक निघाला. इमारत जुनी की नवी, शाळा लहान की मोठी, यानं तो फरक पडत नव्हता. मुलं चांगली वागत होती त्या शाळांत शिक्षक तासाला वेळेवर येत, गृहपाठ देत आणि तो तपासत; मुलांची चित्रं, निबंध भिंतींवर लागत; शाबासकी शिक्षेपेक्षा जास्त वेळा मिळे; आणि कसलीतरी जबाबदारी मूठभर मुलांऐवजी बहुतेकांवर असे. यातल्या एकाही गोष्टीला वेगळं अनुदान लागत नाही. या अभ्यासाची आपल्या शिक्षक प्रशिक्षणात पानभरही ओळख होत नसेल तर ती व्हायला हवी.

शाळेतून सुटलेला मुलगा मित्रांच्या हाती जातो आणि तिथं काय घडतं, हे अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात टॉम डिशन या मानसशास्त्रज्ञानं फार जवळून पाहिलं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलग्यांना त्यानं आपापल्या जवळच्या मित्राबरोबर एका खोलीत बसवलं, समोर कॅमेरा ठेवला आणि २५ मिनिटं गप्पा मारायला सांगितलं. मग प्रत्येक वाक्य आणि त्यानंतरचं हसू नोंदलं. साध्या मुलांच्या जोडीत एकानं काही चावट किंवा नियम मोडण्याची गोष्ट काढली तर दुसरा बहुधा ती सोडून द्यायचा. हसू यायचं ते इतर गमतींवर. आधी पोलिसांपर्यंत गेलेल्या मुलांच्या जोडीत उलट. ‘त्या सरांच्या गाडीची हवा काढली’ अशा धर्तीचं काही निघालं की हशा, आणि हशा मिळाला की पुढचं वाक्य त्याहून वरचं. दोघांनाही आपण काही शिकतो आहोत याची जाणीव नव्हती. ज्यांच्या गप्पांत असा हशा जास्त होता, त्यांचं वागणं पुढच्या दोन वर्षांत आणखी बिघडलं. धमकी नाही, दीक्षा नाही, केवळ मित्राचं हसणं पुरतं.

मित्र शेजारी नुसता बसलेला असला तरी फरक पडतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५मध्ये मुलांना आणि मोठ्यांना गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ दिला. एकट्यानं खेळताना १३ ते १६ वर्षांची मुलं आणि मोठी माणसं यांत फार अंतर नव्हतं. मित्र बघत असताना या मुलांनी धोका पत्करण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. चोवीस वर्षांवरच्यांत फरक पडला नाही. रात्री अकरा वाजता एका दुचाकीवर तिघं बसून निघालेल्या मुलांकडे पाहताना हा प्रयोग आठवावा. त्यांतला कुणीही एकटा असता तर बहुधा घरी असता.

इथून पुढचा भाग मला सर्वांत अस्वस्थ करतो, कारण त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. अमेरिकेत बॉस्टनशेजारी केम्ब्रिज आणि समरव्हिल ही दोन गावं आहेत. हार्वर्डमधले डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनी तिथं मुलांना गुन्ह्यापासून वाचवण्याचा प्रकल्प आखला. ५०६ मुलग्यांच्या वय, घर, स्वभाव जुळणाऱ्या २५३ जोड्या केल्या आणि नाणं उडवून प्रत्येक जोडीतल्या एकाला मदत द्यायची ठरवली. १९३९ ते १९४५ या काळात त्या २५३ मुलांच्या घरी समुपदेशक जात राहिले. शिकवणी दिली, औषधपाणी केलं, खेळांच्या सामन्यांना नेलं, बऱ्याच जणांना उन्हाळी शिबिरांना पाठवलं. जोडीतल्या दुसऱ्याला काहीच मिळालं नाही. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधिकेनं ही माणसं शोधून काढली. मदत मिळालेल्यांपैकी दोन-तृतीयांश जण त्या प्रकल्पाबद्दल कृतज्ञतेनं बोलले. पण १९७८मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत चित्र उलटं होतं. दुसऱ्यांदा गुन्हा करणारे, दारूच्या आहारी गेलेले, मानसिक आजार झालेले, तरुणपणी मेलेले, हे सगळे मदत मिळालेल्यांतच जास्त होते.

असं का व्हावं? मॅककॉर्ड आणि डिशन यांनी १९९९मध्ये एकत्र लिहिलेल्या लेखात उत्तराकडे बोट दाखवलं. नुकसान मुख्यतः त्यांचं झालं, ज्यांना उन्हाळी शिबिरांना पुन्हा पुन्हा पाठवलं होतं. शिबिरात अवखळ मुलं एकत्र राहत, रात्री तंबूत गप्पा होत, आणि पराक्रम सांगणाऱ्याला हशा मिळे. मदत करणाऱ्यांनी न कळत ओरेगॉनच्या त्या खोलीसारखी परिस्थिती आठवडेच्या आठवडे तयार केली होती. ‘भीती दाखवा म्हणजे सुधारतील’ या कल्पनेचीही अशीच गत झाली. न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात मुलांना नेऊन कैद्यांकडून दमदाटी करवण्याचा कार्यक्रम १९७८च्या एका माहितीपटामुळे गाजला, माहितीपटाला ऑस्कर मिळालं. नंतर अशा कार्यक्रमांची काटेकोर तपासणी झाली तेव्हा तिथं नेलेल्या मुलांनी न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचं दिसलं.

म्हणून ‘रिमांड होममध्ये टाका, म्हणजे वळण लागेल’ हे वाक्य ऐकलं की मला भीती वाटते. निरीक्षणगृहांत कळकळीनं काम करणारे परिविक्षा अधिकारी आहेत, काळजीवाहक आहेत. पण मोबाइल चोरलेला मुलगा आणि वार करून आलेला मुलगा एका दालनात महिनाभर झोपले, तर त्या दोघांत कोण कुणाला शिकवणार हे ठरलेलं आहे. आपला २०१५चा बाल न्याय कायदा या बाबतीत शहाणा आहे. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं तो सांगतो. विधिसंघर्षग्रस्त बालकाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. मुलाचं नाव, शाळा, फोटो प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप गटावर पकडलेल्या पोराची चित्रफीत पुढे ढकलणारे आपण तो गुन्हा सहज करतो. वस्तीतून धिंड काढा, अशीही मागणी होते. नावाला भुकेलेल्या मुलाची धिंड काढली तर त्याचं नाव होतं. लंडनच्या त्या ४११ मुलांतही हे दिसलं होतं: सारख्याच वागणुकीच्या मुलांपैकी ज्यांच्यावर शिक्षेचा शिक्का बसला, त्यांचं वागणं नंतर अधिक बिघडलं.

डिसेंबर २०१२मधल्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर कायदा बदलला आणि अतिगंभीर गुन्ह्यांत १६ ते १८ वयाच्या मुलावर प्राथमिक मूल्यमापनानंतर प्रौढाप्रमाणे खटला चालवता येऊ लागला. त्या घटनेतला एक आरोपी अठरा पूर्ण व्हायला थोडे महिने असलेला होता. लोकांचा संताप रास्त होता, बळी गेलेल्यांच्या कुटुंबीयांपुढे कुठलाही अभ्यास घेऊन उभं राहता येत नाही. तरीही एक गोष्ट सांगायला हवी. बॉस्टनमध्ये शेल्डन आणि एलिनर ग्लुक या दांपत्यानं सुधारशाळेतल्या ५०० मुलग्यांची सविस्तर माहिती जमवून १९५०मध्ये पुस्तक लिहिलं होतं. त्याची खोकी हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाच्या तळघरात पडून होती. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांना ती १९८०च्या दशकात सापडली, आणि त्यांनी त्यांतल्या माणसांचा माग सत्तरीपर्यंत काढला. लहानपणी ज्यांना वाया गेलेले ठरवलं होतं, त्यांतले जवळजवळ सगळे कधी ना कधी गुन्ह्यापासून दूर झाले. कुणाला कायमची नोकरी लागली, कुणाला चांगली बायको मिळाली, कुणी सैन्यात गेला, कुणाचा मोहल्ला सुटला. दिवसाला आकार आला आणि हाती गमावण्यासारखं काही आलं. ज्यांना तरुणपणी तुरुंगात फार काळ काढावा लागला, त्यांची नोकरी हुकली, आणि गुन्ह्यापासूनची सुटकाही लांबली.

मग करायचं काय? दिवसाला आकार देणं पंधराव्या वर्षीही जमतं. शिकागोत २०१२च्या उन्हाळ्यात हिंसाग्रस्त भागांतल्या १३ शाळांच्या मुलांना आठ आठवड्यांचं अर्धवेळ काम दिलं, कुणाला द्यायचं ते सोडत काढून ठरवलं. पुढच्या सोळा महिन्यांत काम मिळालेल्यांच्या हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी भरल्या. स्वीडनमधल्या एका अभ्यासानं दाखवलं की मुलांना जमण्यासाठी नुसती जागा दिली, खेळ आणि दूरचित्रवाणी ठेवली आणि मोठं कुणी दिशा द्यायला नसलं, तर तिथं जाणाऱ्या मुलांत बेशिस्त जास्त आढळते. ठरलेली वेळ, शिकवणारा माणूस आणि वाढत जाणारं कौशल्य असेल तिथं ती कमी. नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांच्या हाती फुटबॉल दिला, ते ‘झुंड’ चित्रपटामुळे सगळ्यांना कळलं. चेंडू तर बाजारात कुठेही मिळतो. तिथं रोज येणारा एक मोठा माणूस होता, संघात जागा होती आणि ती टिकवायला नियम पाळावे लागत होते. आपल्याकडची मंडळं, तालमी, ढोलपथकं, वाचनालयं हे करू शकतात, वर्षातले दहा दिवस नव्हे तर बारा महिने केलं तर.

पण मंडळ शाळेची जागा घेऊ शकत नाही. नववीच्या मुलाला दाखला देण्याआधी मुख्याध्यापकांनी एवढं पाहावं: हा सलग किती दिवस आला नव्हता, त्याच्या घरी कुणी शिक्षक गेला होता का, त्याला वाचता येतं का. नववीतही जोडाक्षरं अडखळत वाचणारी मुलं आहेत, आणि त्यांचा उर्मटपणा पुष्कळदा ते लपवण्यासाठी असतो. तुकड्या मिसळा. वर्गाबाहेर काढण्याऐवजी वर्गातलं एखादं काम त्याच्यावर सोपवा. काम करावंच लागणार असेल तर त्याला रात्रशाळेपर्यंत तुम्हीच नेऊन पोचवा.

आणि वाचकांनो, तुम्ही कुणाचे पालक असाल, कुठल्या शाळेचे माजी विद्यार्थी असाल, संस्थेच्या कार्यकारिणीवर असाल. यंदाच्या पालकसभेत दहावीचा निकाल किती टक्के लागला हे विचारून थांबू नका. गेल्या वर्षी नववीच्या हजेरीपटावर किती नावं होती आणि त्यांतली किती दहावीच्या परीक्षेला आपल्या शाळेतून बसली, हेही विचारा. फरक निघाला तर ती नावं आणि ती मुलं आज कुठे आहेत, हे शाळेकडून मागून घ्या.